रयतेच्या नावाचा पैसा जातो कोठे?

(एका बाजारगावी शेतकरी, कारागीर व मोलमजुरी करणाऱ्या मंडळींच्या सभेपुढे केलेले भाषण)



आज कोणत्या विषयावर बोलणार, असे सभेच्या चालकांनी परवा आम्हास विचारले, तेव्हा 'दिल्लीचे अर्थखाते' असे आम्ही सांगितले. ते ऐकून पारावर बसलेले एक वडीलधारे पाटीलबाबा हसले आणि म्हणाले, "अहो, त्या खात्याचा न् आमचा संबंध काय? इन्कम टॅक्स भरणारे ते शहरातले पगारदार आणि पेढीवाले. आम्ही काही कर भरत नाही. सरकार देईल ते घेतो, नाही दिले तर गप्प बसतो." बाबा आज पुढेच बसले आहेत. त्यांच्या बोलण्याचा आम्हास राग आला नाही. जे बहुतेकांच्या मनात असते तेच त्यांनी मोकळेपणाने बोलून दाखविले, इतकेच.

परंतु बाबा, तुमच्या बंडीच्या खिशात काय काय आहे ते आठवून पाहा. एक काडेपेटी आहे. तिच्यावर इंग्रजाने १९३४ साली कर बसविला, तो निरनिराळी नावे घेत आजपर्यंत चालत आला आहे. दुसऱ्या खिशात मोबाईल आहे. त्यात तुम्ही तीनशे रुपयांचे रिचार्ज घालता, त्यांतले पंचेचाळीस रुपयांहून अधिक हे जीएसटीचे, म्हणजे कराचे असतात. पंपावर इंजिनासाठी डिझेल घेता, त्यात दिल्लीचा कर निराळा आणि मुंबईचा निराळा. सुताराने रंधा घेतला, चांभाराने सोल आणि खिळे घेतले, बाईने साबणाची वडी घेतली, प्रत्येकाच्या मागे कर चिकटलेलाच आहे. पगारदाराचा कर कागदावर दिसतो म्हणून तो 'करदाता' म्हणून मिरवितो. आपला कर भावात विरघळलेला असतो, म्हणून आपण स्वतःला याचक समजतो. हा समज एकदा मनातून गेला म्हणजे अर्थखात्याचा न् आपला संबंध काय, हे निराळे सांगण्याची गरज उरणार नाही.

हे खाते म्हणजे काय? एकत्र कुटुंबात दहा भाऊ राबतात आणि एक भाऊ कारभार पाहतो. धान्य विकून आलेला पैसा त्याच्या हाती, बी-बियाणे त्याने आणावयाचे, सोयरिकीचा खर्च त्याने करावयाचा, सावकाराचे देणे त्याने फेडावयाचे. देशाच्या कुटुंबात हा कारभारी म्हणजे अर्थमंत्री, व त्याची कचेरी म्हणजे अर्थखाते. कर कोणावर किती बसवावा, कोणत्या खात्याला किती द्यावे, तूट आली तर कर्ज कोठून काढावे, बँका आणि विमा यांजवर नजर कोणी ठेवावी, ही सारी कामे त्याजकडे आहेत. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत हे काम अमात्याचे, म्हणजे मुजुमदाराचे होते. पेशवाईत ते फडणिसाकडे गेले. फरक इतकाच की, त्या काळी रयतेने फडणिसाच्या फडात जाऊन हिशेब मागण्याची सोय नव्हती. आज ती कायद्याने आहे, आणि आपण ती वापरीत नाही.

आता हे खाते आपल्या देशात आजच्या रूपात कसे आले ते ऐका. १८५७ चे बंड मोडण्यात सरकारचा अतोनात खर्च झाला आणि तिजोरीवर मोठे कर्ज चढले. तेव्हा विलायतेहून जेम्स विल्सन नावाच्या गृहस्थास कौन्सिलातला खजिन्याचा कारभारी म्हणून पाठविण्यात आले. हा स्कॉटलंडातल्या हॉविक गावचा. तरुणपणी त्याचा टोप्यांचा कारखाना होता, आणि पुढे १८४३ साली त्याने 'इकॉनॉमिस्ट' नावाचे वर्तमानपत्र काढले. आपले वाडवडील इंग्रजांना टोपीकर म्हणत. त्या टोपीकरांत हा एक खरोखरीचा टोप्या करणारा निघाला! १८६० साली त्याने या देशाचे पहिले अंदाजपत्रक मांडले व त्याबरोबर इन्कम टॅक्स आणला. वर्षाला २०० रुपयांच्या आत ज्याची मिळकत त्याला माफी, २०० ते ५०० पर्यंत शेकडा दोन, आणि त्यावर शेकडा चार. त्याच वर्षी ऑगस्टात कलकत्त्यास हगवणीच्या विकाराने तो वारला.

हा कर येताच मोठा गलबला उडाला. जमीनदार ओरडले, पेढीवाले ओरडले, गोरे व्यापारीही ओरडले. मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेलियन याने तर आपल्याच सरकारच्या कराविरुद्ध लिहिले आणि ते छापून टाकले, म्हणून त्याची गव्हर्नरी गेली. गंमत अशी की, पुढे दोन वर्षांनी त्यालाच खजिन्याचा कारभारी करून परत आणले. अखेर १८६५ साली मुदत संपताच हा कर बंद पडला. तो पुढे वेगवेगळ्या रूपांनी परत आला ती गोष्ट निराळी. पण ध्यानात धरा, शेतसारा देणारा आणि मीठ खाणारा शेतकरी तेव्हाही होताच. त्याच्या मिठावरचा कर आपल्या इलाख्यात त्याच दशकात उतरण्याऐवजी चढत गेला, आणि त्यासाठी कोणा गव्हर्नराने आपली खुर्ची धोक्यात घातली नाही. ज्याच्या तोंडाला आवाज त्याचा कर हलका, हा धडा या खात्याच्या पहिल्या पाच वर्षांतच लिहिलेला आहे.

त्याच सुमारास दुसरी एक युक्ती निघाली, आणि आमच्या आजच्या भाषणाचे मर्म तिच्यात आहे. मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जास्त घ्यावयाचा आणि त्याला 'लोकल फंड' म्हणावयाचे, असे ठरले. कारण काय सांगितले? तर रयतेच्या गावांना रस्ते आणि रयतेच्या मुलांना शाळा. एक आणा म्हणजे काय मोठे, शिवाय पोरे शिकतील, म्हणून रयतेने तो मुकाट्याने दिला. १८८२ साली हंटरसाहेबांचे शिक्षण कमिशन आले, तेव्हा जोतीराव फुल्यांनी त्यापुढे हेच मांडले की, सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या निढळाच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांकडे जातो. दुसऱ्या वर्षी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना त्यांनी लोकल फंडाचीही चांगलीच हजेरी घेतली. कर कोणत्या नावाने उकळला आणि तो कोणाच्या ताटात वाढला, या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहण्याची रीत आम्हास त्यांनीच घालून दिली.

याच काळातली दुसरी हकीकत अधिक कडू आहे. सर रिचर्ड टेंपल नावाचा साहेब १८६८ पासून १८७४ पर्यंत हिंदुस्थानच्या खजिन्याचा कारभारी होता. १८७४ साली बिहारात दुष्काळ पडला तेव्हा तो बंगालचा मुख्य अधिकारी झालेला होता. त्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणविला, लोकांस काम दिले, आणि फारच थोडी माणसे मेली. त्याचे बक्षीस त्याला काय मिळाले? उधळेपणाचा ठपका! पुढे १८७६ ते ७८ चा तो थोरला दुष्काळ मद्रास व मुंबई इलाख्यांवर कोसळला, आणि काटकसर करण्यासाठी वरच्या सरकारने पाठविला तो हाच टेंपल. ठपका खाल्लेला माणूस आता शहाणा झाला होता. दुष्काळी कामावर दगड फोडणाऱ्या धडधाकट गड्याला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे जेमतेम अर्धा शेर, आणि वर किरकोळ पैसा, असा दर त्याने ठरविला. आपल्या दख्खनेत हजारो मजूर त्या दराला कंटाळून कामे सोडून निघून गेले. आमची आपणांस विनंती आहे की, आपापल्या घरी शेराचे जुने माप असेल तर एकदा अर्धा शेर जोंधळा मोजून पाहावा, आणि दिवसभर घण मारणाऱ्या माणसापुढे तो ठेवून पाहावा.

दुष्काळ सरल्यावर सरकारला पश्चात्ताप झाला असे दाखविण्यात आले. दरसाल दीड कोट रुपये पुढच्या दुष्काळासाठी बाजूला ठेवू, असे ठरले. त्यासाठी १८७८ साली व्यापारी, दुकानदार व कारागिरांवर लायसेन्स टॅक्स बसविला; सुरतेस त्याविरुद्ध दंगाही झाला. आणि मग लगेच अफगाणिस्तानात लढाई निघाली, व दुष्काळाच्या नावाने उभा केलेला पैसा तिकडच्या खर्चात ओढला गेला. भुकेल्याच्या नावाने गोळा केले, आणि तोफेच्या तोंडी घातले. लोकल फंड आणि दुष्काळ फंड, ही दोन नावे लक्षात असू द्या. आम्ही शेवटी त्यांजकडे परत येणार आहो.

मिठाची हकीकत आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक आहे, म्हणून सगळी सांगत नाही. फक्त १९२३ सालची गोष्ट सांगतो, कारण ती मोठमोठ्या पुस्तकांत एका ओळीत उरकतात. त्या वर्षी अंदाजपत्रकात तूट आली. खजिन्याचे कारभारी सर बेसिल ब्लॅकेट यांनी मणामागे सव्वा रुपया असलेला मिठाचा कर अडीच रुपये करावयाचे ठरविले. दिल्लीच्या कायदेमंडळातल्या लोकांच्या प्रतिनिधींनी ते नामंजूर केले. तेव्हा व्हाइसरॉयने आपल्या खास अधिकाराने शिक्का मारला आणि दुप्पट कर लागू केला. एका वर्षात तो परत सव्वा रुपयावर आणावा लागला, हे खरे. पण पंचांनी नको म्हटले तरी कारभारी तिजोरीत हात घालू शकत होता, हे त्यावरून उघड झाले. १९३० साली वडाळ्याच्या आगरावर आणि कोकणात शिरोड्यास जी साधीसुधी माणसे लाठ्या खात होती, त्यांचे भांडण चिमूटभर मिठापुरते नव्हते. तिजोरीची किल्ली कोणाच्या कमरेला, असे ते भांडण होते. १९४७ साली मिठाचा कर गेला.

आपल्या मंडळींपैकी या खात्याचे अंतरंग ज्याने खरोखर वाचले असा एक पुरुष म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक त्यांना घटनेसाठी ओळखतात. परंतु त्याच्या पंचवीस वर्षे आधी, १९२३ साली, रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ लंडनात प्रसिद्ध झाला, आणि १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांच्या जमाखर्चावरचा दुसरा. दिल्लीने किती घ्यावे आणि प्रांतांना किती सोडावे, याचा इतका बारीक कीस काढणारी माणसे त्या वेळी थोडीच होती. आज दर पाच वर्षांनी जो वित्त आयोग नेमला जातो तो घटनेच्या २८० व्या कलमाने. पहिला १९५१ साली नेमला गेला. दिल्लीच्या करांतून राज्यांना वाटा किती, हे तो सुचवितो. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी शेकडा ४१ असा वाटा सुचविला. हाही आकडा लक्षात असू द्यावा.

स्वतंत्र हिंदुस्थानचे पहिले अंदाजपत्रक २६ नोव्हेंबर १९४७ रोजी मांडले गेले. ते मांडणारे आर. के. षण्मुखम चेट्टी हे कोइमतूरचे, आणि मद्रासकडच्या ब्राह्मणेतरांच्या जस्टिस पक्षातून पुढे आलेले. आपल्या वाचकांस हे ऐकून संतोष वाटेल, म्हणून मुद्दाम सांगितले. ते अंदाजपत्रक साडेसात महिन्यांचे होते. जमा १७१ कोट १५ लाख, खर्च १९७ कोट ३९ लाख, आणि त्यांतले ९२ कोट ७४ लाख एकट्या लष्कराला. देश फाळणीच्या आगीत होता. दुसरे काय होणार? पुढच्याच वर्षी चेट्टींनी राजीनामा दिला.

१९५० पासून १९५६ पर्यंत हे खाते आपल्या कुलाबा जिल्ह्यातल्या, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांकडे होते. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून त्यांनी मंत्रिपद सोडले, ते सर्वांना माहीत आहे. त्यांच्या कारकिर्दीतली आमच्या दृष्टीने मोठी गोष्ट निराळीच. रिझर्व्ह बँकेने १९५१ साली गावोगावच्या कर्जाची पाहणी सुरू केली व १९५४ साली तिचा अहवाल आला. शेतकरी शंभर रुपये कर्ज काढतो, त्यांतले कोणाकडून किती? सरकारकडून तीनच्या आसपास, सहकारी सोसायट्यांकडून तीनच्या आसपास, बँकांकडून एक रुपयादेखील पुरता नाही, आणि सावकारांकडून सत्तरांच्या घरात! गावातल्या प्रत्येक माणसाला जे पाठीवरच्या वळांनी ठाऊक होते, ते दिल्लीच्या कागदावर प्रथमच आकड्यांत उमटले. मग १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि तिने खेड्याकडे शाखा काढाव्यात असे ठरले. १९६९ साली चौदा बँका सरकारने घेतल्या, १९८२ साली नाबार्ड निघाली. बँकेच्या पायऱ्या चढताना आजही आपल्या माणसाचे पाय अडखळतात, हे आम्ही नाकारीत नाही; पण सावकाराच्या ओसरीखेरीज दुसरा दरवाजा गावाला मिळाला तो या कागदांमुळे.

आता दोन गोष्टी अशा सांगतो की, ज्यांत या खात्याची लेखणी थेट आपल्या उंबरठ्याच्या आत आली.

पहिली तंबाखूची. महायुद्धाच्या खर्चासाठी १९४३ साली तंबाखूवर अबकारी कर बसला. कारखान्यातल्या मालावर कर ही गोष्ट समजण्यासारखी आहे. येथे तर शेतकऱ्याने पिकविलेल्या कच्च्या पानावरच कर! त्यामुळे निपाणी, कागलच्या काळ्या रानापासून गुजरातेतल्या चरोतरापर्यंत किती पीक आले, किती साठविले, कोणाला विकले, हे सरकारी इन्स्पेक्टराला दाखविणे आले. इंग्रज गेला तरी हा कर राहिला. तो कच्च्या तंबाखूवरून १९७९ साली उठला. त्या वर्षी अर्थमंत्री चौधरी चरणसिंग होते. शहरातल्या वर्तमानपत्रांनी त्या अंदाजपत्रकाला धनदांडग्या कुणब्यांचे अंदाजपत्रक म्हणून नावे ठेवली. खताचा कर उतरविला तर ती उधळपट्टी, आणि कारखान्याला सवलत दिली तर ती उद्योगवाढ, हा न्याय आम्हास कधी उमगला नाही. छत्तीस वर्षे हा कर चालला याचे कारण तंबाखूवाल्या शेतकऱ्याचा माणूस त्या खुर्चीवर बसण्यास छत्तीस वर्षे लागली, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही.

दुसरी गोष्ट सोनारांची. १९६२ साली चीनशी युद्ध झाले. परदेशी चलनाचा तुटवडा, चोरटे सोने देशात येते, ते थांबविले पाहिजे, असे त्या वेळचे अर्थमंत्री मोरारजी देसाई यांचे म्हणणे. कारण खोटे नव्हते. पण उपाय काय निघाला? जानेवारी १९६३ मध्ये हुकूम सुटला की, चौदा कॅरटांहून अधिक कसाचा नवा दागिना घडवावयाचा नाही. आपल्याकडे मंगळसूत्राचे मणी कसल्या सोन्याचे करतात ते घरातल्या बायकांना विचारा. चौदा कॅरटांचे सोने कडक. जुन्या हत्यारांनी आणि जुन्या हातांनी ते वळेना, आणि गिऱ्हाईक ते घेईना. तस्कराचे काय वाकडे झाले? तो समुद्रावर होता. बागेसरी फुंकणारा गावचा सोनार मात्र घरात सापडला. देशभर हजारो भट्ट्या थंडावल्या आणि पुष्कळ ठिकाणांहून सोनारांनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या. चौदा कॅरटांची अट १९६६ साली गेली, तरी १९६८ साली निराळा सुवर्ण नियंत्रण कायदा आला; परवाने, वह्या, तपासण्या सुरू राहिल्या. हा कायदा रद्द झाला तो १९९० साली, आपल्या कोकणातून निवडून गेलेले प्रा. मधु दंडवते अर्थमंत्री असताना. सत्तावीस वर्षे! एवढ्या काळात एक पिढी ऐरणीवरून उठून दुसऱ्याच्या दुकानात नोकरीस लागली. आम्ही तेव्हा काय केले? शेतकऱ्याला वाटले, हे सोनाराचे दुखणे. चांभाराला वाटले, बरे झाले, सोनार फार माजला होता. आमच्या जातीजातींतल्या कोरड्या समाधानाने दिल्लीच्या लेखणीला जेवढी मोकळीक दिली तेवढी कोणत्या कलमाने दिली नसेल.

कर्जमाफीचे उदाहरण अगदी अलीकडचे. २००८ च्या अंदाजपत्रकात मोठी कर्जमाफी जाहीर झाली. दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी, त्याहून मोठ्याला चतुर्थांश सूट. कागदावर रेघ सरळ दिसते. पण कालव्याखालच्या पाच एकरांत ऊस घेणारा लहान शेतकरी ठरला, आणि विदर्भातला कोरडवाहू कापूसवाला, ज्याच्या नावावर आठदहा एकर माळ आणि घरात कर्जाखेरीज काही नाही, तो मोठा ठरला! ज्याचे मरण पाहून ही योजना निघाली तोच रेघेच्या पलीकडे राहिला. ओरड झाल्यावर कोरडवाहू भागांसाठी थोडी सवलत वाढविली. रेघ ओढणाऱ्याचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. जमीन मोजताना पाणी मोजावयाचे असते, हे सांगणारे त्या खोलीत कोणी नव्हते.

आता आजच्या कारभाराविषयी थोडे. अंदाजपत्रक पूर्वी फेब्रुवारीच्या अखेरीस सायंकाळी पाच वाजता मांडीत, ती इंग्रजाच्या वेळेची रीत. १९९९ पासून सकाळी अकराला मांडू लागले, आणि २०१७ पासून १ फेब्रुवारीला. छपाईपूर्वी खात्यात मोठ्या कढईत हलवा, म्हणजे आपला शिराच, करतात, आणि मग छपाईवाली मंडळी आतच कोंडून राहतात. हलव्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत भरपूर येतात. त्यापेक्षा आत छापलेला 'रुपया येतो कोठून, जातो कोठे' हा एका पानाचा तक्ता वाचावा. २०२५-२६ च्या तक्त्यात रुपयांतले २४ पैसे कर्जाने आणावयाचे, आणि २० पैसे आधीच्या कर्जाच्या व्याजात जावयाचे, असे लिहिलेले आहे. आपल्या घरचा कारभारी असे करू लागला तर आपण त्याला निदान प्रश्न तरी विचारू. राज्याचे कर्ज घरच्या कर्जासारखेच वाईट असते असे नव्हे. धरण बांधण्यासाठी काढलेले कर्ज निराळे आणि रोजचा खर्च भागविण्यासाठी काढलेले निराळे. कोणते कोणत्यासाठी, हेच तर विचारावयाचे.

आणि विचारण्याची साधने आहेत. घटनेचे २६५ वे कलम सांगते की, कायद्यावाचून कर नाही. लोकसभेच्या मंजुरीवाचून तिजोरीतला पैसा काढता येत नाही. मंत्र्याच्या मागणीतून शंभर रुपये कमी करा, असा ठराव कोणीही खासदार आणू शकतो. शंभर रुपयांनी कोणाचे काही अडत नाही, पण त्या निमित्ताने गाऱ्हाणे सभागृहात वाचले जाते. महालेखापाल जमाखर्च तपासतो आणि त्याचा अहवाल सर्वांना वाचता येतो. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाचा सव्वा कोटीच्या आसपासचा पैसा एका सट्टेबाजाच्या कंपन्यांत घातल्याचे प्रकरण फिरोज गांधींनी लोकसभेत काढले, न्यायमूर्ती छगलांनी मुंबईत उघड्यावर चौकशी केली, आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना जावे लागले. एका खासदाराने प्रश्न विचारला, एवढेच त्याचे मूळ.

आता लोकल फंडाकडे परत येऊ. १ फेब्रुवारी २०२१ च्या अंदाजपत्रकात शेतीच्या पायाभूत सोयी व विकास यांसाठी म्हणून एक नवा उपकर बसला. पेट्रोलवर लिटरला अडीच रुपये, डिझेलवर चार. त्याच वेळी जुना कर उतरविला, त्यामुळे पंपावर भाव हलला नाही, आणि म्हणून कोणाच्या लक्षातही आले नाही. पण त्यातली मेख पाहा. वित्त आयोगाने सुचविलेला तो ४१ टक्के वाटा राज्यांना मिळतो तो साध्या करांतून. उपकर आणि अधिभार यांतून राज्यांना वाटा द्यावा लागत नाही. म्हणजे एका खिशातून पैसा काढून दुसऱ्या, शिवलेल्या खिशात घातला, आणि त्या खिशावर नाव लिहिले शेतकऱ्याचे! तो पैसा शेतीकडे मुळीच आला नाही असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणण्यास आधी हिशेब हाती हवा. आपल्या राज्याच्या वाट्याचे किती घटले आणि त्या बदल्यात आपल्या तालुक्यात गोदाम, शीतगृह, बाजाराचा ओटा यांपैकी काय उभे राहिले, एवढेच आम्हास विचारावयाचे आहे. रुपयामागे एक आणा घेतला तेव्हा आपल्या पणज्यांना ते विचारता आले नाही. आपल्याला येते.

यासाठी आम्ही एक अर्ज लिहून आणला आहे. तो आपल्या भागाच्या खासदारांच्या नावे आहे, आणि त्यात दोनच प्रश्न आहेत: २०२१ पासून दर वर्षी हा उपकर किती जमा झाला, आणि तो कोणत्या कामांवर, कोणत्या जिल्ह्यांत खर्च झाला. हे प्रश्न त्यांनी लोकसभेत लेखी विचारावेत आणि आलेले उत्तर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावण्यासाठी धाडावे, अशी विनंती केली आहे. कोणत्या पक्षाचे नाव त्यात नाही. बायकांनीही सह्या करावयाच्या आहेत; साबण आणि तेल त्याच विकत घेतात. ज्यांना सही येत नाही त्यांच्यासाठी अंगठ्याची शाई ठेवलेली आहे, त्यात लाज मानण्याचे कारण नाही.

पाटीलबाबा, कागद तुमच्यापासूनच फिरवितो. पहिली सही तुमची.